सेवकरामची चार बोटं

सत्यभामाने फॉर्म टेबलावर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर पालथा हात दाबून धरला. हात मागे घ्यायचा तिचा विचार दिसत नव्हता.

"हात काढा बाई, वाचू तरी द्या," फौजदार म्हणाले.

"दोनदा वापस आला जी. पयल्यांदा फोटो नव्हता, दुसऱ्यांदा सातबारा नव्हता. आता सारं हाय. आज वापस नेनार नाही मी."

कराडकडून बदलून आलेल्या फौजदारांना दोनच महिने झाले होते. बाईमाणसाने बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केलेला त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी तो सावकाश वाचला. सत्यभामा सेवकराम ठवकर, राहणार मोहटोला. कारण, रानडुकरांपासून धानाचं संरक्षण. शस्त्र, ठासणीची बंदूक एक, मयत पतीची, ठाण्यात जमा.

त्याच बंदुकीसाठी दुसराही अर्ज टेबलावर पडून होता. तो सेवकरामचा धाकटा भाऊ लक्ष्मणराव याचा. पंधरा वर्षं खाणीवर घण मारून तो सेवकरामच्या तेराव्यालाच गावी परतला होता. आत्ता तो भिंतीकडच्या बाकावर पाय पसरून बसला होता, आणि दोघांबद्दल साक्ष द्यायला बोलावलेले मोहटोल्याचे पोलीस पाटील धनीराम त्याच्या शेजारी तंबाखू मळत होते.

सेवकराम पोळ्याच्या सुमारास वारला. बंदूक ठाण्यात गेली आणि लोंबीत दूध भरायच्या दिवसांत डुकरं सत्यभामाच्या बांध्यांमध्ये, धानाच्या शेतांत, उतरली. तिने डबे बडवले, टेंभे पेटवले, घसा बसेपर्यंत ओरडली. तीन रात्रींत निम्मं धान आडवं झालं. त्या आडव्या धानाच्या काठावर उभं राहून लक्ष्मणराव म्हणाला होता, बंदूक माझ्या नावावर होऊ दे वयनी, मग वावरही माझ्याकडेच दे, जंगलाला लागून शेती करणं बाईचं काम नाही. चार एकर होते ते, सगळे जंगलाच्या कडेला. बंदूक गेली की वावर गेलं, एवढा सरळ हिशेब होता. तेव्हापासून ती एसटीच्या फेऱ्या घालत होती.

"बंदूक एक आणि अर्ज दोन," फौजदार म्हणाले. "शिफारस मला एकाचीच करता येईल. चालवता कोणाला येते?"

लक्ष्मणराव हसला. "वयनीले चूल पेटवता येते, साहेब."

फौजदारांना हसू आलं नाही. त्यांनी हवालदाराला मालखान्यातून बंदूक आणायला सांगितली आणि सगळ्यांना ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत नेलं.

पहिला मान लक्ष्मणरावाने स्वतःहूनच घेतला. बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवून त्याने नळीत बारूद ओतली, चिंधीचा बोळा घातला आणि लोखंडी गजाने ठासली. मग गज आतच ठेवून नळीच्या तोंडाबाहेर उरलेल्या भागावर बोटं आडवी धरली. भरती मोजायची ती अशी. रिकाम्या नळीत गज तोंडाशी सपाट बसतो, म्हणून तो जितकी बोटं बाहेर, तितका माल आत. सेवकरामच्या बंदुकीला चार बोटं लागतात, हे टोल्यातल्या पोरासोरांनाही पाठ होतं. त्याच्या तेराव्यालाही माणसं हेच बोलत होती, की चार बोटं बारूद आणि एक डुक्कर, बार कधी वाया म्हणून गेला नाही.

लक्ष्मणरावाची बोटं घण मारून मारून फुगली होती. चार भरेनात, म्हणून त्याने आणखी बारूद ओतली. पुन्हा ठासली, पुन्हा मोजली. आता बरोबर चार झाली. गज हवालदाराच्या हातात देऊन त्याने वर छर्रे सोडले आणि समोरच्या वारुळावर नेम धरला.

सत्यभामाला सगळं दिसत होतं. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं तिला. पुढचं सगळं त्या जुन्या नळीनेच मिटवून टाकलं असतं. हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही, आणि घटकाभर तो गोडही लागला. मग तिला स्वतःचाच राग आला.

"भाऊजी, खाली करा ते. चाप नका ओढू."

"काहून?"

"भरती जास्त झाली. नळी फुटन तोंडावर."

"चार बोटं मोजले ना मी. दादाचेच चार बोटं."

"तुमच्या दादाचे नोहेत ते."

ती पुढे झाली. हवालदाराच्या हातून तिने गज घेतला, लक्ष्मणरावाने खाली टेकवलेल्या नळीत सोडला आणि वर उरलेल्या भागावर आपली चार बोटं लावली. छर्ऱ्यांचा थर वजा केला तरी लोखंड तिच्या बोटांच्याही वर चांगलं अंगठाभर उरलं.

"हे हायेत ते चार बोटं," ती म्हणाली.

फौजदारांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे बंदूक तुम्ही भरायचात?"

"भरत बी होती, मारत बी होती. त्यायले दिवस मावळला का दिसेच नाही जी. मचाणीवर आम्ही दोघं बसत होतो. डुक्कर पडलं का मंग बंदूक खांद्यावर टाकून ते खाली उतरत."

नऊ वर्षं हे तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. सेवकरामने तिच्याकडून शपथच घेतली होती. आज चार माणसांसमोर तिने मेलेल्या नवऱ्याला उघडं पाडलं होतं, आणि त्याचं वाईट तिला फार वाटत होतं. तरी मान काही तिने खाली घातली नाही.

फौजदार आवाज उतरवून म्हणाले, "बाई, परवाना नसताना शस्त्र चालवणं हा गुन्हा आहे. तुम्ही नवऱ्याचं पाहून पाहून शिकलात, असंच म्हणायचंय ना तुम्हाला? तसं लिहितो."

"नाही. मारत होती मी. नऊ वर्सं. तसंच लिहा."

फौजदार धनीरामकडे वळले. "पाटील, तुम्हाला ठाऊक होतं हे?"

धनीरामांनी तंबाखूची चिमूट ओठाआड ठेवली. "सांज झाली का सेवकरामले मीच हात धरून घरी पोचवत होतो, साहेब. टोल्यात कोणाले ठाऊक नव्हतं? हा लक्ष्मण खाणीवर होता, त्याले नव्हतं."

"आणि कोणी बोललं नाही?"

"कायले बोलाव जी? डुकराचं मुंडकं मारणाऱ्याच्या घरी द्याचं, असा रिवाज हाय आमचा. ते बराबर घरीच जाऊन राहिलं होतं."

सत्यभामा त्यांच्याकडे बघतच राहिली. नऊ वर्षं तिने जे जिवापाड झाकलं, ते सगळ्या टोल्यानेही तितकंच झाकलं होतं. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तिने दोन्ही गिळलं आणि पदर नीट केला.

लक्ष्मणरावाने बंदूक तिथल्या कडुनिंबाला टेकवली आणि चांगला दहा पावलं मागे सरला.

"ठेवा ती मालखान्यात," फौजदार हवालदाराला म्हणाले.

हवालदार जागचा हलला नाही. "भरेल हाय, साहेब."

"मग रिकामी करा."

"ठासणीची हाय, साहेब. आमाले हे शिकवलंच नाही."

फौजदार स्वतः दोन पावलं पुढे गेले. अंगठाभर जास्तीच्या त्या भरतीकडे त्यांनी लांबूनच पाहिलं आणि थांबले. धनीराम तर केव्हाच ओट्यावर जाऊन बसले होते.

"बाई," फौजदार शेवटी म्हणाले, "तेवढी रिकामी करून द्या."

सत्यभामा ठाण्याच्या पायरीवर बसली. लुगडं गुडघ्यांवर सारखं करून तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"कशी करू जी? मले परवाना कुठं हाय?"

फौजदारांनी कडुनिंबाला टेकलेल्या बंदुकीकडे पाहिलं. मग खिशातलं पेन काढलं आणि हवालदाराला टेबलावरचा तिचा फॉर्म घेऊन यायला सांगितलं.