गनीभाईंचा जुना पार्ट

कापसाच्या त्या वाईट वर्षांत पांढरकवड्यात कोणाच्याच घशाखाली घास नीट उतरत नव्हता. त्यामुळे अब्दुल गनी मिस्त्रींचं जेवण तुटलं तरी तीन महिने कोणी मनावर घेतलं नाही. जिनिंगला माल नाही, ट्रक उभे, गॅरेज ओस. माणूस काळजीने वाळणारच, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. तहसीलमध्ये तीस वर्षं बाबूगिरी केली की प्रत्येक गोष्टीचं कारण तोंडात तयारच असतं. आधी पोळी अडकायला लागली, मग वरणभात. एक दिवस चहा नाकातून परत आला, तेव्हा त्यांच्या बायकोने, हुस्नाबी भाभींनी, त्यांना यवतमाळला नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. मुलगा इम्तियाज सौदीत, म्हणून शेजारी या नात्याने सोबत मी.

डॉक्टर आभा मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. छातीला आणि पोटाला लहान लहान छिद्रं पाडायची, त्यांतून कॅमेरा आणि हत्यारं आत घालायची, बिघडलेली नळी काढायची आणि जठराचीच नवी नळी करून वर गळ्याशी जोडायची.

जठराचा जुगाड गनीभाईंना फार आवडला. छिद्रं आवडली नाहीत.

"मॅडम, इंजिन न खोलता काम करनारा मिस्त्री चोर असते. तुमी मले पुरा खोला."

"पूर्ण उघडलं तर तुमच्या फुप्फुसांना झेपणार नाही, काका. चाळीस वर्षं डिझेलचा धूर आणि वर बिड्या."

गनीभाई विचारात पडले. त्यांच्या गॅरेजचा एक नियम होता: गाडीतून काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचाच. या नियमापायी माझ्या घरी स्कूटरच्या झिजलेल्या क्लचप्लेटांनी डबा भरला होता.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पन जुना पार्ट दाखवा लागन. मी बेहोश राहीन, त या चारुभाऊले दाखवा. त्यायची गवाही मले चालते."

मी छाती फुगवून हो म्हणालो.

ऑपरेशन सात तास चाललं. मग दार उघडलं आणि नर्स झाकलेला ट्रे घेऊन आली. "नातेवाईक कोण?" मी उठलो. तिने कापड बाजूला केलं आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. सांगायला लाज वाटते, पण मला कोंबडी कापतानाही बघवत नाही. "पाहिलं, पाहिलं," म्हणत मी भिंत धरली. भाभी माझ्या मागेच उभ्या होत्या. ट्रे तपासणीला गेला.

आठ दिवस पोटात घातलेल्या नळीतून खाणं चाललं. नवव्या दिवशी मॅडम पाण्याचा पहिला चमचा घेऊन आल्या, तर गनीभाई अंगावरच्या पट्ट्या मोजत बसलेले.

"पाच भोकं, अन् चार बोटांची एक चीर. एवढ्यातून बीतभर नळी निघते? यायनं काईच काढलं नाही."

मॅडमनी रेकॉर्डिंग दाखवलं.

"टीव्हीवर कोनाचंबी दाखवता येते."

गनीभाईंनी तोंड घट्ट मिटलं, पण हात चादर चुरगाळत होते. माणूस भांडत नव्हता, घाबरला होता. पाणी पुन्हा नाकातून आलं तर पुढे काहीच उरत नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

"चारुभाऊ, तुमी सांगा. पाह्यला ना पार्ट?"

"पाहिला."

"कुठं खराब होता?"

"मधोमध."

"जयला होता का घासला होता?"

"घासला... म्हणजे थोडा जळलाही."

"तुमी पाह्यलाच नाही."

सरकारी नोकरीत इतक्या झटपट मला कोणी पकडलं नव्हतं. "नाही पाहिला," मी कबूल केलं.

"मीनं पाह्यला," भाभी म्हणाल्या.

"तू?"

"चारुभाऊनं डोये मिटले. मीनं नाही मिटले. बीतभर नळी होती. खालून चार बोटं वर गाठ, पांढरी, कडक. आत रस्ता इतका बारीक का सुई अडकन. मीनं नर्सले म्हटलं, उलटून दाखव. गाठीच्या वर साफ होतं, खालीबी साफ. जिंदगीभर तुमचे पार्ट घासलेटात धुतले, खराब काय अन् चांगलं काय मले कयते."

मॅडम भाभींकडे पाहतच राहिल्या. "तपासणीचा रिपोर्ट काल आला," त्या म्हणाल्या. "त्यात हेच लिहिलंय."

"इतकं पाह्यलं, अन् मले सांगितलं काहून नाही?"

"मले कोनं विचारलं? तुमाले त चारुभाऊची गवाही पायजे होती."

मॅडमच्या हातातल्या चमच्याकडे न बघता गनीभाईंनी बायकोकडे तोंड केलं आणि ते उघडलं.

भाभींनी चमचा घेऊन त्यांच्या ओठांना लावला. गनीभाईंनी डोळे मिटले. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो.

"उतरलं," ते म्हणाले.

इतके दिवस टिपूस न काढलेल्या भाभींनी तोंडात पदर कोंबला आणि त्या अशा रडू लागल्या की बाजूचे पेशंट उठून बसले.

"मंग रडजो," गनीभाई म्हणाले. "आधी अजून एक चमचा दे."