भुकेचा अंदाज

माशाने दाणा तोंडात घेतला, क्षणभर धरला आणि बाहेर सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. तिसऱ्या खेपेला त्याने तो गिळला, पण तेवढ्यात शेजारचे दोन दाणे पाणी पिऊन फुगले आणि सावकाश खाली गेले. तळ्याच्या काठावर उकिडवी बसून ती अंधारेपर्यंत तेच पाहत राहिली.

खाद्य बदलायचे तिनेच सुचवले होते. सुक्या मासळीच्या भुकटीऐवजी सोयाबीनचे दाणे. थंडीत मासे ते मुकाट खात होते, वाढतही होते, थोडे हळू इतकेच. यंदा ऊन लवकर तापले, तळे कोमट झाले आणि सगळे बिघडले. कोमट पाण्यात माशाचे शरीर जास्त ऊर्जा जाळते, त्याला अन्न जास्त लागते. आणि पुढ्यात होते ते त्याला रुचत नव्हते. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. सकाळी सकाळी मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करत.

सासऱ्यांना ते भुकेले वाटत.

विक्री, हिशेब, जाळी, सगळे मुलाकडे, तिच्या नवऱ्याकडे, गेले होते. माशांना खायला घालणे एवढेच सासऱ्यांकडे उरले होते. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते तळ्यावर येत. मासे वर दिसले की एक मूठ जास्त टाकत. न खाल्लेले दाणे तळाशी कुजत, कुजताना उरलासुरला प्राणवायू ओढून घेत आणि दुसऱ्या दिवशी आणखी मासे वर येत. मग आणखी एक मूठ.

हे त्यांना सांगायला हवे, यावर नवराबायकोचे एकमत होते. कोणी, यावर नव्हते. नवरा म्हणे, तू शिकलेली आहेस, तुझे ते ऐकतात. ती म्हणे, वडील तुझे आहेत. जेवताना सांगू असे ठरे आणि जेवताना दोघेही भाजीतल्या मिठाबद्दल बोलत. तोवर ती रोज सासरे उठायच्या आत तळ्यावर जाई, मेलेले मासे जाळीने काढी आणि कुंपणापलीकडे पुरी. घरी येऊन चहा ठेवी आणि तो उकळेपर्यंत दोनदा खिडकीतून तळ्याकडे पाहून येई.

ती अंधारेपर्यंत काठावर बसली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सासरे लवकर उठले. ती जाळी उचलत होती तेव्हाच मागून खोकल्याचा आवाज आला. जाळीत मेलेले मासे होते, पांढरी पोटे वर. लपवायला जागा नव्हती.

"राहू दे," ते म्हणाले. "रोज काढतेस, ठाऊक आहे मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? खाद्य तू आणलेलं. माशांना उपाशी मारतेस, असं सुनेला तोंडावर म्हणू?" ते ओशाळून हसले. "म्हणून आपलं जरा सढळ हातानं टाकत होतो. म्हटलं, तेवढीच तुझी चूक झाकली जाईल."

त्या सगळ्या मुठी तिच्यासाठी होत्या.

तळ्यात पाणी घुसळणारे चाक फिरत होते, तरी मासे वरच होते. सासऱ्यांनी बाही दुमडली आणि खाद्याच्या घमेल्यात हात घातला. या घडीला पोटात काही गेले, तर ते पचवायलाही माशाला जादा प्राणवायू लागणार होता, आणि तो पाण्यात नव्हता. दुपारपर्यंत अर्धे तळे उलटे तरंगले असते. नवरा घरात झोपला होता. त्याला हाक मारावी असे तिच्या मनात आले आणि तिने ते सोडून दिले.

"बघ ना, कसे आ वासून आलेत," सासरे म्हणाले. "बघवत नाही गं."

तिने त्यांचे मनगट धरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"भूक नाहीये ती, बाबा. त्यांना श्वास पुरत नाहीये. खाद्य माझं चुकलं, ते मी बदलते. पण पाणी असं तापलेलं असताना तुम्ही टाकताय, तेही चुकतंय." तिने घमेले आपल्याकडे ओढले. "आजपासून माशांना खायला मी घालणार. तुम्ही घालायचं नाही."