दोघांना सारखं

आदर्श माता पुरस्काराच्या समितीवाल्यांनो, तुम्ही काडीचीही चौकशी केली नाहीत. आमच्या घरी आलात, चिवडा खाल्लात, भिंतीवरचा माझ्या भावाचा, संगमेश्वरचा फोटो पाहिलात आणि माझ्या आईला, गुरम्माला, आदर्श ठरवून मोकळे झालात.

मी अक्षरा, तिची थोरली. चाकूरला आमचं किराणा दुकान आहे. आम्ही तिला अव्वा म्हणतो, वडिलांना अप्पा.

अव्वाचा न्याय कडक. संगूला सायकल, तर धाकट्या सिद्धूलाही सायकल. एका साली सिद्धूच्या वाढदिवसाला केक मोठा आला, म्हणून तिनं संगूचा वाढदिवस दुसऱ्यांदा केला. हसू नका, मेणबत्त्या मीच लावल्या.

दहावी झाल्यावर संगू लातूरला क्लासला गेला. मेसचं जेवण त्याला सोसेना. अव्वाला दुकान सोडवेना. मग माझी अकरावी सोडवली आणि मला त्याच्या खोलीवर धाडलं. "संगूचं झालं की तुझंच." दोन वर्षं मी भाकरी थापल्या, त्याचे मोजे धुतले. तो आता नांदेडला डॉक्टरकी शिकतोय.

यंदा मी बाहेरून बारावी द्यायचा, सतरा नंबरचा फॉर्म आणला. तेवढ्यात सिद्धू दहावी पास झाला.

"अक्षरा, बॅग भर. लातूरची खोली परत घेतलीय."

"कशाला?"

"सिद्धूला कोण रांधणार? संगूला बहिणीच्या हातचं दोन वर्षं मिळालं. ह्याला मेसचं घातलं तर जल्मभर म्हणंल, अव्वानं दुजाभाव केला. असलं पाप मला न्हाई जमायचं."

"अन् मी?"

"तुझं काय?"

"मी तुझीच हाय न्हवं?"

"म्हून तर तुला सांगायलेय. लोकाच्या लेकीला सांगितलं असतं का?"

अप्पा पुड्या बांधत होते. "अव्वाचं बरोबर हाय," म्हणाले. "दोघाला सारखं पायजे."

मी संगूला फोन लावला. म्हटलं, तू तरी समजाव तिला. तो म्हणाला, "ताई, सिद्धूला तिखट चालत न्हाई. तेवढं बघ."

रविवारी तुम्ही सत्कार केलात. अव्वाच्या खांद्यावर शाल. तुमच्या अध्यक्षांनी माइकवर विचारलं, "माउली, लेकरं किती?"

"दोन," अव्वा म्हणाली. "अन् दोघांत कधी भेद केला न्हाई."

टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होते.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी फॉर्म भरून आले. मला अठरा पूर्ण झालीत, सही माझीच चालली. लातूरला जाणार नाही, असं घरात सांगून टाकलं. तेव्हापासून अव्वा दुकानात येईल त्याला ऐकवते, "थोरलीनं माझ्या हातून अन्याय करवला." सिद्धूपुढं तर ती पदर डोळ्याला लावते.

तर समितीवाल्यांनो, सोमवारी सिद्धूचा क्लास सुरू होतोय. तुमची माउली अन्यायी ठरू नये ही आता तुमची जबाबदारी. तुम्ही चौदा जण आहात. दोन वर्षं भाकरी थापायला तुमच्यातला कोण येतोय? शनिवारपर्यंत नाव कळवा.