साठाव्या वर्षी लाभलेला गारवा

चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात जुन्या पत्र्याच्या गाडीत बसलाय कधी तुम्ही? मी तशीच एक गाडी बोलतेय. जन्म १९६४ चा, रंग दुधी, मुक्काम मिल्ड्युरा.

माझा मालक क्लेम. पन्नास वर्षांपूर्वी ब्रोकन हिलच्या चर्चमधून नोलीनला नवरी करून त्याने माझ्यातूनच आणलं. तेव्हा उकाड्यावर उपाय एकच होता. चारही काचा खाली आणि मानेवर ओला टॉवेल.

यंदा जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, लग्नाची पन्नाशी. जेवण ब्रोकन हिललाच. पण नोलीनचं हृदय आता नाजूक झालंय. "तापलेल्या गाडीत तीन तास? मुळीच नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"मी लेकीच्या गाडीतून येते. तू ये तुझ्या लाडकीला घेऊन," नोलीन म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे पुसले.

"हिला एसी बसवतो."

"तू? हिचा एक स्क्रू बदलायचा तर तुला ताप येतो!"

खरंच होतं ते. मूळ रूप जपल्याबद्दल मला जुन्या गाड्यांच्या क्लबात तीन बक्षिसं मिळाली होती. भोकं पाडणार म्हणून मीही धसकले. पण मेकॅनिक स्टाव्रोसचा हात हलका. त्याने यंत्र डॅशबोर्डखाली दडवलं, पुढे मोठा रेडिएटर दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गार श्वास सोडला.

निघालो. अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो आणि क्लेम ओरडला, "गळतेय! संपलं सगळं! लेक मागून येतेय, तू तिच्या गाडीत बस."

नोलीनचा चेहराच उतरला. क्लेम मात्र भर उन्हात पालथा पडला, माझ्याखाली साचलेल्या ओलीत बोट बुडवलं, हुंगलं, चाटलंसुद्धा. मग स्टाव्रोसला फोन.

"काका, थंड बिअरच्या ग्लासाला घाम फुटतो ना? तेच ते, एसीचं पाणी. उठा आता, पोट भाजेल."

"पन्नास वर्षं गळत्या शोधतोय," नोलीन हसता हसता म्हणाली, "चाटून पाहिलेली पहिलीच!"

ब्रोकन हिलमध्ये शिरलो तेव्हा बाहेर त्रेचाळीस अंश होते, आणि नोलीन क्लेमचं जाकीट पांघरून बसली होती.

जुन्या गाड्या जरूर जपा. पण आत बसणारं माणूस आधी जपा, एवढंच माझं मागणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मेनिंदीच्या तळ्यावर पेलिकन पक्षी पाहायला गेलो.