उघडा राहिलेला माइक

“काका, शर्टाची घासाघीस ऐकू येतेय का?” सरांनी छातीवरचा माइक चाचपत विचारलं.

“येतेय थोडी. माइक एक बटण वर घ्या.”

ध्वनिमुद्रणाच्या वर्गातला हा शेवटचा सराव. एक टेबल, दोन खुर्च्या, खोटी खिडकी. आणि सरावाच्या प्रसंगातल्या बापाची भूमिका खुद्द सरांनी घेतलेली. काका कानांना हेडफोन लावून आवाजाच्या मिक्सरपाशी बसले होते. वर्गात वयानं सगळ्यांत थोर, म्हणून काका. उभा जन्म रेडिओ-टेप दुरुस्त करण्यात गेला. पुढे लोकांनी वस्तू दुरुस्त करणंच सोडलं आणि दुकानाला कुलूप लागलं. बायको म्हणाली, “कान शाबूत आहेत ना? मग नवं काही शिका.” शिकले बिचारे. आता एका मालिकेला आवाजाचा माणूस हवा होता. सर नाव देतील तो. निवडीत उरले होते दोघं: काका, आणि समोर लांब काठीवरचा माइक धरून उभी असलेली ताई.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. “मालिकेवाले,” असं पुटपुटत ते बाहेर गेले, छातीवरच्या माइकसकट.

बिनतारी माइकला भिंत कुठली? काकांच्या कानात सरांची पावलं वाजली, दार लागलं, मग आवाज आला, “हो, दोघांतलं एक नाव आजच देतो. काका कामाला चोख आहेत, पण...”

काकांचं बोट फेडरवर, आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्टीवर होतं. माणूस सेटबाहेर गेला की त्याची पट्टी तळाला न्यायची, हा या धंद्याचा पहिला धर्म. निवडीच्या धास्तीत काका नेमका तोच विसरले होते. देवानं डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत. ही पट्टी तेवढी कानाची पापणी. बोट जड झालं, पण पट्टी खाली आली. कानात नुसती पोकळी उरली, आणि त्या पोकळीत तो ‘पण’ घुमत राहिला.

“माइक चालूच होता ना?” ताई जवळ आली. “काय म्हणत होते? द्या बघू हेडफोन.”

“नको.”

“अहो, आपल्या दोघांच्याच पोटाचा प्रश्न आहे.”

“असू दे. बोलणं त्यांचं आहे.”

“म्हणजे माझं नाव निघालं. म्हणून ऐकू देत नाही तुम्ही.”

“निघालंही असेल, बाई. मी पुढचं ऐकलं नाही.” काकांनी हेडफोन कानांवर नीट बसवला.

दार उघडलं. सर येऊन खुर्चीत बसले. त्यांनी एकदा छातीकडे पाहिलं, एकदा मिक्सरकडे. पट्टी तळाला होती.

काकांनी ती हळूच वर घेतली. सरांचा श्वास कानाशी आला, अडखळणारा. मग आवंढा गिळल्याचा आवाज. अवघड बोलायचं असलं की माणूस असाच गिळतो, हे कळायला वर्ग लावावा लागत नाही.

“काका,” सर म्हणाले, “जरा बोलायचं होतं.”

“टेक झाल्यावर, सर. आधी हा नीट घेऊ.”

सरांचा आवाज कापरा येत होता. तो फुटू नये म्हणून काकांनी पट्टी केसभर सावरली, पाठ ताठ केली आणि मुद्रण सुरू करत म्हणाले, “साउंड रोलिंग.”