चार वाजेपर्यंत परका

लिपायो बेटावरच्या सरकारी प्राथमिक शाळेतली सगळीच्या सगळी पोरं फिदेला बाईंची धर्ममुलं होती. यात बाईंचा काही दोष नव्हता. शिकलेल्या बाईचा हात डोक्यावर पडला की पोर हुशार निघतं, अशी बेटाची समजूत. म्हणून बाप्तिस्म्याला धर्मआई कोण, हा प्रश्नच पडत नसे. वर्गात पोरं त्यांना बाई म्हणत नसत, निनांग म्हणत, म्हणजे धर्मआई. हजेरी घेताना घरची पंगत बसवल्यासारखं वाटे.

मागल्या वर्षी ही शाळा जिल्ह्यात पहिली आली. पहिली म्हणजे अशी, की दुसऱ्या नंबरची शाळा बघायला दुर्बीण लागावी. जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीला साहजिकच संशयाचा वास आला. त्यातून शाळेच्या माहितीत एक रकाना होता : शिक्षकांचे नातेवाईक असलेले विद्यार्थी. बाई सरळ मनाच्या, त्यांनी लिहिलं : सगळे.

कचेरीचा निरोप आला. परीक्षा पुन्हा होईल, आणि ती घेणारा माणूस एकाही पोराच्या नात्यातला नसेल. तसं जमलं नाही तर गुण रद्द, शाळा बंद, आणि पोरांनी रोज समोरच्या गावातल्या मोठ्या शाळेत जायचं. मधलं पाणी ओलांडून. त्या पाण्याने एकदा ईशान्येच्या वाऱ्यात होडीसकट एक रेडा गिळला होता आणि तिसऱ्या दिवशी नुसती शिंगं परत केली होती. ती शिंगं बाईंनी स्वतः पाहिली होती. निरोप आल्यापासून पहिलीतली पोरं दिसली की बाईंना तीच आठवत.

ठरल्या दिवशी परीक्षा घ्यायला आर्सेनियो साहेब उतरले. किडकिडीत, हातात छत्री, चेहरा इस्त्री केलेला. त्याच बोटीने पाद्रीबाबाही आले, कारण कापितान दोरोतेओच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. कापितान म्हणजे गावचा मुखिया, आणि बाईंचा मावसभाऊ.

तो सकाळीच येऊन सांगून गेला होता. “फिदे, तू निश्चिंत राहा. साहेबालाच धर्मबाप करतो. घरचा माणूस झाला की कोण कशाला नापास करतोय?”

बाईंनी कपाळाला हात लावला. “दादा, घरचा झाला की शाळा गेली. मला आज परकाच माणूस हवाय.”

कापितानला हे काही उमगलं नाही. परका माणूस कशासाठी तरी हवा असतो, हे बेटावर आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. आणि एकदा का कुणी तोंडाने विचारलं, की साहेबाला नाही म्हणता येणार नव्हतं. धर्मबाप व्हायला नकार दिला तर बाळाच्या मागे अवदसा लागते. तेव्हा विचारूच द्यायचं नाही, एवढाच उपाय होता.

आल्यागेल्याला ‘जेवलात का?’ असं विचारणं बाईंना श्वासासारखं. त्या दिवशी ते शब्द त्यांनी दातांखाली धरले आणि म्हणाल्या, “वर्ग तिकडे आहे.” साहेबांचा चेहरा पडला. बाईंचा त्याहून जास्त पडला. भाजत्या डुकराचा वास शाळेभोवती फेऱ्या घालत होता. केळीच्या पानातला गोड भात घेऊन आलेल्या म्हातारीला त्यांनी वाटेतूनच परतवलं, माडीचा बांबू घेऊन आलेल्याला फाटकातून. वडीलधाऱ्याचा हात कपाळाला लावल्याशिवाय पोरं पुढे सरकत नाहीत; आज तेही बंद. तरी पहिलीतल्या तिनायने पेपर देताना सवयीने साहेबांचा हात उचलून कपाळाला टेकवलाच. खिडकीबाहेर बाईंनी डोळे मिटून घेतले.

दुपारी कापितान बाळाला काखेत घेऊन हजर. बाई दारात आडव्या झाल्या.

“बाजूला हो फिदे. पाद्रीबाबा ओहोटीच्या आत निघणार म्हणतात.”

“बोट कुणाची?”

“इंदोयची.”

“म्हणजे माझ्याच धर्ममुलाची. त्याला म्हणावं, इंजिन बिघडलंय.”

“कधीपर्यंत?”

“चार वाजेपर्यंत, निकालावर सही होईतो. तोवर तो माणूस माझा परका. मग तुझा.”

इंदोय निनांगचा शब्द मोडणारा नव्हे. त्याने इंजिन इतकं मन लावून बिघडवलं, की पुन्हा जोडताना दोन भाग शिल्लकच राहिले, आणि बोट मात्र तेव्हापासून दुप्पट वेगाने पळते.

इकडे साहेबांनी पेपर तपासले. पुन्हा तपासले. गुण मागल्या वर्षापेक्षा कमी नव्हतेच, थोडे चढेच होते. विश्वास बसेना, म्हणून त्यांनी तिनायला उभं करून धडा वाचायला लावला. तिने तो वाचला, आणि न सांगता पुढचाही वाचला.

“कुणी शिकवलं गं?”

“सगळ्यांनी.” तिनायच्या आवाजात तक्रार होती. “नाताळात धर्मबापांच्या दारी गेलं की आधी पान वाचायचं, मग खाऊ. आणि मला धर्मबाप किती तरी आहेत. निनोंग दोरोतेओ तर पाढे म्हणायला लावतात. त्यांना स्वतःला येत नाहीत. आम्ही चुकलो तरी ते शाबास म्हणतात, म्हणून आम्हीच बरोबर म्हणतो.”

साहेबांनी नातेवाइकांच्या रकान्यातलं ‘सगळे’ पुन्हा एकदा वाचलं. मग बाईंना आत बोलावून त्यांनी सही केली आणि टोपण लावलं.

“गुण कायम. शाळाही,” ते म्हणाले. “पण बाई, इतक्या शाळा फिरलो, साधं पाणीही न विचारणारी ही पहिलीच.”

बाईंनी सहीवर फुंकर घातली. शाई वाळली. मग सकाळपासून दातांखाली धरलेलं त्यांनी सोडलं.

“जेवलात का, साहेब?” आणि त्यांना रडूच आलं.

दाराबाहेर कापितान बाळाला घेऊन उभाच होता. अंधार पडेपर्यंत साहेब धर्मबाप झाले, अर्ध्या बेटाचे सोयरे झाले, आणि छत्री विसरून परत गेले.

रकान्यात ‘सगळे’ असल्याने परीक्षा दर वर्षी परक्यानेच घ्यायची ठरली; पुढल्या वर्षी साहजिकच त्यांना येता आलं नाही. कचेरीने दुसऱ्याला धाडलं. तोही संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी निनोंग झाला. मग तिसरा. बाई आता आरशासमोर उभ्या राहून तुसडा चेहरा करायचा सराव करतात. अजून नीट जमत नाही. कचेरीची अडचण मात्र निराळी आहे. जिल्ह्यात परकी माणसं संपत आली आहेत.