कठड्याचे काप

बाबांचा हात थरथरायला लागलाय, हे मला पाइपच्या कापावरून कळलं. टोकाला काटकोन तपासायचा गुण्या लावला, तर मधून चांगला बोटभर उजेड दिसला. बाबांच्या कापात असा उजेड कधी दिसला नव्हता. त्यासाठीच तर बाजारात त्यांना सगळे 'रेघवाले' म्हणायचे.

लोखंड कापायचा ग्राइंडर चालवायला मी त्यांच्याकडेच शिकले. पाइपच्या चारही बाजूंना रेघ मारायची, रेघेला लागून एक सरळ लोखंडी अँगल क्लॅम्पने घट्ट आवळायचा, त्याच्या आधाराने आधी नुसता उथळ चर पाडायचा आणि मग खोल जायचं. "दाबू नकोस गं, डिस्कला तिचं काम करू दे," असं ते दहादा बजावायचे.

त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा आमच्या वर्कशॉपमध्ये वाचनालयाच्या जिन्याच्या कठड्याचं काम होतं. सगळे तिरके जोड. बाबांनी कापलेले तुकडे जुळवताना वेल्डरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "एवढ्या फटी भरू कशा? हे वेल्डिंग नव्हे, लिंपण होईल."

"बाजूला ठेवा," मी म्हणाले.

दुपारी बाबा जेवून जरा आडवे व्हायला घरी गेले, की मी नवा पाइप घेऊन तेच तुकडे पुन्हा कापायची. त्यांचे तुकडे भंगारात, तळाशी. दीड महिना हेच चाललं. काका तोंडातून ब्र काढत नव्हते.

कठडा बसला त्या दिवशी वाचनालयाचे व्यवस्थापक जोडांवरून बोट फिरवत म्हणाले, "या वयात असा हात! कमाल आहे."

बाबा खुलले. माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "हिलाही शिकवतोय. पण अजून घाई करते."

मी हसले. हसायलाच हवं होतं. परत येताना काका धुसफुसत होते. मीच त्यांना म्हटलं, "जाऊ द्या, त्यांचं मन राहिलं ना?"

पुढच्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीच्या स्टँडचं काम आलं. जाड अँगल होता. मी ग्राइंडर उचलला, तर बाबांनी तो हातातून काढून घेतला.

"बाबा, हे मी कापते. तुम्ही रेघा मारून द्या."

"का? कठडा पाहिलास ना? व्यवस्थापक काय म्हणाले, ऐकलंस ना?"

खरं काय ते तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

रेघ नीट दिसावी म्हणून त्यांनी डिस्कवरचा संरक्षक गार्ड मागे फिरवला. आधाराला अँगल लावलाच नाही. अर्ध्यावर हात वळला, डिस्क कापात अडकली आणि फुटली. एक तुकडा त्यांच्या डाव्या हातात घुसला. दोन बोटं गेली.

दवाखान्यात आत्या भेटायला आली. बाबा तिला म्हणाले, "डिस्क हिने बसवली होती. नीट आवळली नसणार."

बसवली मीच होती. आवळलीही होती. आत्या माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला तिथे उभं राहवेना. ती गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. कठड्याचा एकही काप त्यांचा नव्हता, हेही.

ते मग म्हणाले, "म्हणजे दीड महिना तू मला वेड्यात काढलंस. तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी ग्राइंडरला हात लावला असता का?"

लावला असता, असं मला वाटतं. पण खात्रीने नाही सांगता येत.

वर्कशॉप त्यांनी आत्याच्या मुलाला चालवायला दिलं. त्याला गुण्या कसा धरायचा तेही ठाऊक नाही. मी आता एका कारखान्यात आहे. तिथे पाइप मशीनवर ठेवायचा आणि दांडा खाली ओढायचा. माझ्या हाताची कुणाला गरज नाही.

सुट्टीला घरी जाते. परवा जेवताना आईने त्यांना विचारलं, "अहो, पोरीशी बोलणार कधी?"

"काय बोलायचं?" ते ताटाकडे बघत म्हणाले. "माझ्या वाटचे कापही तिनेच केले ना? बोलणंही तिलाच करू दे."